‘फक्त पाच भाग बघ’

शुक्रवारी संध्याकाळी लॅपटॉप काखेत धरून ऑफिसच्या पँट्रीत चहाच्या मशीनसमोर उभा होतो. टीममध्ये नुकताच आलेला एक मुलगा (मला ‘सर’ म्हणायला मोठा आणि ‘अरे’ म्हणायला लहान, त्यामुळे दोन महिने झाले तरी तो मला काहीच म्हणत नाही) शेजारी येऊन थांबला. लॅपटॉपवरचा काउबॉय बीबॉपचा स्टिकर बघून म्हणाला, "हा मी पण बघितला. काल. एका संध्याकाळीच संपवला."

मी मनातल्या मनात गुणाकार केला. २६ भाग, प्रत्येकी साधारण २४ मिनिटं, म्हणजे दहा तासांच्या वर. हिंजवडीतून बाहेर पडायलाच रात्रीचे आठ वाजतात. एका संध्याकाळी कसं काय बुवा?

"सगळे नाही बघायचे. लिस्ट आहे एक. ५, १२, १३, २५ आणि २६. मेन स्टोरी तेवढीच आहे, बाकी फिलर." मग चहाचा एक घोट घेऊन साहेबांनी निकाल दिला, "ठीक आहे, पण जरा ओव्हररेटेड वाटलं."

डोक्यात सणक गेली. कोण हे लिस्टवाले शहाणे? मी म्हटलं, दाखव बघू कुठाय ती. त्याने कुठल्याशा ग्रुपवरून फिरत आलेला मेसेज उघडून दाखवला. पाच आकडे, पाच नावं, शेवटी ‘दोन तासांत काम तमाम’ असं वाक्य, आणि ज्युपिटरच्या स्पेलिंगमध्ये दोन टी.

ते दोन टी मी ओळखले. च्यायला, ते माझेच होते!

तर ही लिस्ट मी २०२३ साली वाकडच्या फ्लॅटमध्ये बसून बनवली होती. आमच्या अण्णासाठी. (अण्णा म्हणजे माझा रूममेट, सांगलीचा. वयाने आमच्याएवढाच, पण कॉलेजपासून सगळे अण्णाच म्हणतात.) अण्णाला त्याच्या कंपनीने एका मंगळवारी सकाळी पंधरा मिनिटांच्या कॉलवर नारळ दिला होता आणि रविवारी तो सामान बांधून गावाला निघणार होता. मधल्या दोन दिवसांत म्हणाला, "तुझं ते काउबॉय का काय, इतकी वर्षं सांगतोयस, आता दे बघायला." मला वाटलं याला वेळ कमी, डोक्याला ताप जास्त, दहा तास कुठे बसणार? म्हणून काढून दिले पाच भाग. ते त्याने बघितले. "काही कळलं नाही रे फारसं, पण गाणी भारी आहेत," असं म्हणाला आणि बॅग भरायला घेतली.

तेव्हा हा जो पुढे संताप आहे, त्याचा पहिला वाटेकरी मीच आहे. तो मान्य करून पुढे जातो.

(पुढे सगळे स्पॉयलर आहेत. सिरीज येऊन पाव शतक उलटून गेलंय, आता माझ्याकडून आणखी सवलत मिळणार नाही.)

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ‘काउबॉय बीबॉप’ ही सनराइज स्टुडिओची १९९८ सालची जपानी ॲनिमे मालिका. दिग्दर्शक शिनिचिरो वातानाबे, लेखनाची मुख्य सूत्रं केइको नोबुमोतोकडे, संगीत योको कान्नोचं. काळ २०७१. त्याच्या साधारण पन्नास वर्षं आधी अंतराळात ये-जा करण्याच्या ‘गेट’चा मोठा अपघात झाला, चंद्राचे टवके उडाले आणि ते तुकडे तेव्हापासून पृथ्वीवर पडतायत. माणसं मंगळ, शुक्र, गॅनिमीड, टायटन अशी पांगली आहेत. गुन्हेगारी एवढी वाढली आहे की पोलिसांना पुरेना, म्हणून फरारी माणसांच्या डोक्यावर इनाम लावायचं आणि ते खाजगी शिकाऱ्यांनी पकडून आणायचे अशी पद्धत. या शिकाऱ्यांना म्हणतात काउबॉय.

आपले काउबॉय म्हणजे जेट (माजी पोलिस, एक हात यांत्रिक, जहाजाचा मालक आणि आचारी), स्पाइक (माजी गुंड, आळशी, मारामारीत बाप), फे (डोक्यावर डोंगराएवढं कर्ज, त्यावर जुगाराचा नाद), एड (पोरसवदा हॅकर मुलगी, हाडं आहेत की नाही अशी शंका यावी इतकी लवचिक) आणि आइन नावाचा कॉर्गी कुत्रा. हा कुत्रा बहुधा सगळ्यांत हुशार आहे, पण ते जहाजावर कुणाला कळलेलं नाही.

आता मुद्द्याकडे येतो. ही मालिका का बघावी याची दोन उत्तरं नेहमी मिळतात आणि दोन्ही माझ्या डोक्यात जातात.

पहिलं उत्तर ‘कूल’वाल्यांचं. स्पाइकचा निळा सूट, ओठात सिगरेट, मागे सॅक्सोफोन. यांच्या हॉस्टेलच्या भिंतीवर पोस्टर असतं आणि बोटांची बंदूक करून फोटो काढलेला असतो. आता, कूल आहे हे खरंच. मी नाही कुठे म्हणतोय? पण या लोकांनी पहिला भाग डोळे उघडून बघितलाय का? सुरुवातीलाच जेट जेवायला हाक मारतो. मेन्यू काय, तर सिमला मिरची आणि बीफ. स्पाइक ताटात बघतो, तर त्यात नुसतीच सिमला मिरची. तो विचारतो, बीफ कुठाय? जेट म्हणतो, पैसे नाहीत. मागच्या इनामाचं काय झालं? ते गेलं दुरुस्तीत आणि नुकसानभरपाईत.

हा तुमचा कूल हिरो! त्याची ओळख आपल्याला रिकाम्या ताटासमोर करून दिली जाते. मग दोघं एका ड्रग विकणाऱ्याच्या मागे जातात, सगळी जिवावरची धडपड होते, तो माणूस आणि त्याची बायको मरतात, इनाम शून्य, आणि भागाच्या शेवटी पुन्हा तीच हाक, तीच सिमला मिरची. दुसऱ्या भागात माणूस पकडायला जातात आणि कुत्रा घेऊन परत येतात. म्हणजे खाणारं एक तोंड आणखी वाढलं.

सव्वीस भागांत जवळजवळ हाच हिशोब आहे. जहाज तरी कसलं? बीबॉप हा मुळात मासेमारीचा ट्रॉलर. जेटने तो घेऊन बदलून वापरलाय. अंतराळातून येतो आणि बंदरात पाण्यावर उतरतो. म्हणजे आपल्या ससून डॉकला लागलेली एखादी गंजकी बोट उद्या मंगळावर जायला निघाली तर कशी दिसेल, तसा. या मालिकेत पैसा घातला होता तो खेळणी विकणाऱ्या विभागाने. त्यांचं म्हणणं एवढंच की अंतराळयानं असू देत, बाकी काय करायचं ते करा. मग जे बनलं ते बघितल्यावर त्यांनी हात काढून घेतले. मला त्यांचं काही चुकलं असं वाटत नाही. हप्ते थकलेल्या कोळ्याच्या बोटीचं खेळणं कुठलं पोर मागणार?

कूलपणा आहे तो या कडकीवर ओढलेली चादर आहे. चादर बघून खूष होणाऱ्यांशी माझं भांडण तसं किरकोळ आहे. कारण ते निदान सगळे भाग बघतात.

खरं भांडण दुसऱ्या उत्तराशी आहे. ‘मेन स्टोरी’वाल्यांशी. म्हणजे दोन टीवाल्या माझ्याशी.

मेन स्टोरी काय आहे? स्पाइक पूर्वी एका टोळीत होता. तिथला त्याचा जोडीदार व्हिशस. दोघांच्या मधे जूलिया. स्पाइक टोळी सोडतो, जूलिया येत नाही, व्हिशस वैरी होतो, शेवटी सगळ्यांचा हिशोब होतो. बास. ही गोष्ट तुम्ही हिंदी सिनेमात किती वेळा बघितली आहे? मी तर मोजायचं सोडून दिलं.

आणि खरं सांगू का, पूर्ण मालिकेतला सगळ्यांत कच्चा भाग हाच आहे. व्हिशस म्हणजे पांढरे केस, लांब कोट, तलवार आणि खांद्यावर पक्षी. त्याला काय हवंय, तो सकाळी उठून काय खातो, हसतो कधी, काहीही कळत नाही. जूलिया तर माणूस कमी आणि स्पाइकची आठवण जास्त. तिला स्वतःचं असं काही बोलायला मिळायच्या आत ती जाते. पाचव्या भागातला चर्चमधला प्रसंग अप्रतिम आहे, त्याबद्दल वादच नाही, काचेतून स्पाइक पडतो तेव्हा कान्नोबाईंनी जे काही केलंय ते मी आजही एकटा असेन तेव्हाच बघतो. पण ही पातळ गोष्ट शेवटी तुमचा गळा दाबते, तो जोर तिला कुठून येतो?

तो येतो उरलेल्या एकवीस भागांतून. ज्यांना आपण फिलर म्हणतो.

अठरावा भाग घ्या. ‘स्पीक लाइक अ चाइल्ड’. फेच्या नावाने एक पार्सल येतं. कर्जवाल्यांचं काहीतरी असणार म्हणून ती पळून जाते. स्पाइक आणि जेट उघडतात तर आत एक व्हिडिओ कॅसेट. जुनी. बीटामॅक्स. (ज्यांचा जन्म माझ्यानंतरचा आहे त्यांच्यासाठी: सोनीचं बीटामॅक्स आलं १९७५ ला, जेव्हीसीचं व्हीएचएस १९७६ ला, दोघांत जुंपली आणि व्हीएचएस जिंकलं. तरीही सोनीने बीटाच्या कोऱ्या कॅसेटी २०१६ पर्यंत विकल्या! ‘लेगसी सपोर्ट’ म्हणतात तो हा.) आता ही कॅसेट लावायची कशावर? एका जुन्या व्हिडिओवेड्याच्या दुकानात मशीन मिळतं, तर चित्र नीट येईना म्हणून स्पाइक त्याला लाथ घालतो आणि ते मरतं. मग हे दोघं पृथ्वीवर जातात. एका पडक्या इमारतीच्या पोटात खोल खोल उतरतात, अंधारात चालतात, धापा टाकत एक मशीन वर घेऊन येतात. जहाजावर आणून बघतात तर काय, ते व्हीएचएस.

हसून हसून पुरेवाट होते. वीस मिनिटांच्या आसपास ही निव्वळ टाइमपास गोष्ट चालते. चुकीच्या व्हर्जनची ड्रायव्हर सीडी घेऊन रात्र घालवलेल्या कुणालाही ती आपली वाटेल. मग दुसरं पार्सल येतं, त्यात बीटाचं मशीन. कॅसेट लागते.

पडद्यावर शाळकरी फे. दहा वर्षांनंतरच्या स्वतःसाठी तिने निरोप रेकॉर्ड केलाय. मोठ्या फेचं असं आहे की अपघातानंतर तिला गोठवून ठेवलं होतं आणि ती ५४ वर्षांनी जागी झाली. हातात बिल आणि डोक्यात शून्य, आधीचं काही म्हणता काही आठवत नाही. ती छोटी मुलगी पडद्यावर हसते, लाजते, नाचून दाखवते, मोठ्या झालेल्या स्वतःला ‘जिंकच’ म्हणून चिअर करते. आणि ही सिगरेटी ओढणारी, सगळ्यांना फसवणारी बाई समोर बसून म्हणते की मला आठवत नाही.

भाग संपला. व्हिशस नाही, जूलिया नाही, एक गोळी सुटली नाही. माझ्या लिस्टमध्ये हा नव्हता.

माझ्या लिस्टमध्ये चौदावाही नव्हता, आणि त्याची तर मला इंजिनियर म्हणून लाज वाटते. गेट म्हणजे अंतराळातले टोलनाके समजा. कुणीतरी टोलचे पैसे ढापतंय. पकडलेल्या प्रत्येकाकडे बुद्धिबळाचं एक मोहरं सापडतं. धागा पकडत सगळे पोचतात हेक्स नावाच्या म्हाताऱ्यापर्यंत. हा एकेकाळी गेटच्या प्रोजेक्टवरचा हुशार माणूस. सिस्टिममध्ये दोष आहेत असं सांगत राहिला, कंपनीने ऐकलं नाही, उलट त्यालाच बाहेर काढलं. त्याने सूडाची योजना लिहून ठेवली, पन्नास वर्षांनी सुरू होईल अशी. सुरू झाली तेव्हा म्हातारा सगळं विसरून भंगारात राहत होता आणि कुणा अनोळखी मुलीशी (एडशी) ऑनलाइन बुद्धिबळ खेळण्यात रमला होता. जेट शेवटी कंपनीशी सौदा करतो: या म्हाताऱ्याला हात लावू नका, मी तुमच्या दोषांबद्दल तोंड उघडत नाही. इनाम? अर्थातच नाही.

आपण लॉग केलेला बग ‘लो प्रायॉरिटी’ म्हणून बंद झालेला आणि पुढे तोच प्रॉडक्शनमध्ये फुटलेला ज्याने बघितलाय, त्याने हा भाग बघून मला सांगावं की हे फिलर आहे.

आणि अकरावा! तो तर निव्वळ वेडेपणा आहे. जहाजावर काहीतरी अज्ञात जीव शिरलाय, एकेकाला चावतोय, चावलेला माणूस निळाजांभळा होऊन आडवा पडतोय. आख्खा हॉररपट. शेवटी कळतं की वर्षभरापूर्वी स्पाइकने एक भारीपैकी लॉब्स्टर आणून कोपऱ्यातल्या फ्रीजमध्ये लपवला आणि विसरला होता. त्याचं पुढे जे काही झालं ते हे. बॅचलरांच्या फ्लॅटमध्ये राहिलेल्या माणसाला यातली भीती समजावून सांगावी लागत नाही.

"पण याने कथा पुढे कुठे सरकते?" हा प्रश्न मला नेहमी येतो. कथा सरकत नाही, कबूल. माणसं एकत्र राहतात. एकमेकांचं खातात, एकमेकांवर खेकसतात, कुणी कुणाला आपलं म्हणत नाही. फे तर चारदा जहाज सोडून जाते आणि काहीच झालं नाही अशा थाटात परत येते. हे सगळं तुम्ही त्यांच्याबरोबर फुकट घालवलेल्या वेळात साचतं. त्याला शॉर्टकट नाही.

सवाईला जाऊन बडा ख्याल चालू असताना बाहेर स्टॉलवर बटाटेवडा खात बसायचं, शेवटच्या तिहाईला धावत आत यायचं आणि मग म्हणायचं, "ठीक आहेत हो बुवा, पण ओव्हररेटेड." कसं वाटेल? बरं, मालिकेच्या नावातच बीबॉप आहे. १९४०च्या सुमाराला न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये मिंटन्ससारख्या क्लबात वादक रात्र रात्र जमून वाजवायचे, त्यातून ही तऱ्हा निघाली. मालिका स्वतःच्या पाट्यांमध्ये त्याचा हवाला देते आणि भागांना ‘सेशन’ म्हणते. वातानाबेंनी सांगितलंय की कान्नोबाई न मागितलेलं संगीत करून आणायच्या आणि त्यावरून त्यांना प्रसंग सुचायचे. अशा पद्धतीने बनलेल्या गोष्टीतून ‘मेन स्टोरी’ काढणं म्हणजे ताकातून लोणी काढल्याचा आव आणून लोणी टाकून देणं.

आणि दीडपट वेगाने बघणाऱ्यांबद्दल मी काही बोलत नाही. घरचे संस्कार आहेत.

आता मी पहिल्यांदा कसा बघितला ते सांगतो, कारण माझ्या बाजूचा सगळ्यांत बळकट पुरावा तोच आहे. २०१६, इंजिनियरिंगचं तिसरं वर्ष, हॉस्टेलच्या लॅनवर कुणीतरी फोल्डर टाकला होता. फायलींना क्रमांक नव्हते, फक्त भागांची नावं. मी आपला वरून खाली बघत गेलो. म्हणजे इंग्रजी वर्णानुक्रमाने!

पहिला भाग नशिबाने पहिलाच आला. त्यानंतर लगेच पाचवा. एचमध्ये ‘हार्ड लक वुमन’ आधी आला आणि ‘हॉन्की टॉन्क विमेन’ नंतर, म्हणजे फे आधी घर शोधत पृथ्वीवर गेली आणि मग तिची ओळख झाली. एड त्याच भागात जहाज सोडून गेली आणि जेमध्ये पोचल्यावर पहिल्यांदा जहाजावर आली. टीमध्ये ‘द रिअल फोक ब्लूज’चे दोन्ही भाग लागले, स्पाइक गेला, मी सुन्न होऊन बसलो... आणि पुढची फाइल उघडली तर स्पाइक जिवंत, समोर तो फ्रीज! त्यानंतर अजून दोन भाग होते. मेलेला माणूस हसतोय, उडतोय, मार खातोय.

मला क्रमाचा घोटाळा कळला तो सगळं संपल्यावर. आणि तरीसुद्धा मालिका चालली. भिडली. सव्वीस भागांचा पार विस्कोट करून बघितला तरी ती उभी राहिली आणि पाच भाग अगदी बरोबर क्रमाने बघितले तर कोसळली. यावरून ओझं कुठल्या खांबांवर होतं ते काढा तुम्हीच.

आणखी पुरावा हवा तर तो नेटफ्लिक्सने २०२१ साली स्वतःच्या खर्चाने तयार करून दिलाय. खऱ्या नटांना घेऊन दहा भाग. जॉन चो स्पाइक म्हणून वाईट नव्हता, गाणी पुन्हा कान्नोंचीच होती. पण बनवणाऱ्यांना बहुधा माझ्यासारखंच वाटलं की खरी गोष्ट व्हिशस-जूलियाची. त्या दोघांना नवराबायको केलं, त्यांना भागामागून भाग दिले, सगळ्या घटना एका दोरीत ओवल्या. एड आली ती शेवटच्या भागाच्या शेवटच्या क्षणी. १९ नोव्हेंबरला मालिका आली, ९ डिसेंबरला बंद केल्याची बातमी आली. तीन आठवडेसुद्धा नाहीत. वातानाबेंनी पुढे २०२३ मध्ये एका मुलाखतीत सांगितलं की सुरुवातीचा कसिनोचा प्रसंग बघितल्यावर त्यांना पुढे बघवेना. केइको नोबुमोतो त्याच डिसेंबरच्या सुरुवातीला गेल्या. माणसं रिकाम्या ताटाभोवती कशी बसतात हे ज्या बाईंनी लिहिलं, त्यांच्या जाण्याची बातमी त्या सगळ्या कोलाहलात कुठल्या कुठे दडपून गेली.

एक कबुली मात्र देतो. सगळे एकवीस भाग सोन्याचे नाहीत. एकविसावा, फेंगशुईवाला, मला अजून रटाळ वाटतो. मूळ प्रसारणात जपानच्या टीव्ही टोकियोने तर १९९८ मध्ये फक्त बारा भाग आणि एक जोडाजोडीचा खास भाग दाखवून गाशा गुंडाळला होता, पूर्ण मालिका दाखवली ती वावाव या उपग्रह वाहिनीने. म्हणजे कापाकापीची परंपरा जुनी आहे, मी काही पहिला नाही. पण मी रटाळ भागही बघा म्हणेन. रूममेटबरोबरचे सगळे दिवस तरी कुठे रंगतदार असतात?

चोविसाव्या भागाबद्दल लिहायचं टाळत होतो. तो हाच, ‘हार्ड लक वुमन’. कॅसेटमध्ये दिसलेल्या कारंज्यावरून फे पृथ्वीवर आपलं गाव शोधते. तिच्या शाळेतली मैत्रीण भेटते, ती आता व्हीलचेअरमधली म्हातारी. फेला एकदम सगळं आठवतं, ती धावत सुटते, टेकडी चढून घरी पोचते. घर नाहीच. नुसता चौथरा. ती काठीने जमिनीवर एक चौकोन आखते, जिथे तिचा पलंग होता तिथे, आणि त्यात आडवी होते. तिकडे एडला बाप सापडतो. उल्का पडून बदलत्या पृथ्वीचा नकाशा काढत फिरणारा अवलिया आहे तो. त्याच्या मागे एडही जाते, कुत्राही जातो.

जहाजावर स्पाइक आणि जेट. समोर सगळ्यांसाठी उकडलेली अंडी. हे दोघं एकमेकांकडे बघत नाहीत, बोलत नाहीत. एकामागून एक अंडी तोंडात कोंबत राहतात. सगळ्यांच्या वाटची.

एवढंच. या भागानंतर दोनच भाग उरतात आणि त्यांत स्पाइक मरायला निघतो. निघण्याआधी तो परत येऊन जेटकडे काय मागतो? खायला. आणि वर त्याच्या स्वयंपाकाला नावं ठेवतो. ज्याने पहिल्या भागातली सिमला मिरची खाल्ली आहे, त्याला तिथे हुंदका येतो. ज्याने माझी लिस्ट वापरली आहे त्याला वाटतं, हा भरल्या घरात जेवत काय बसलाय, जाऊन मारामारी कर की.

अण्णा गेला त्या रविवारी रात्री मी कुकर लावला. आमचा तिसरा पार्टनर आधीच बंगळुरूला गेला होता. कुकर उघडल्यावर लक्षात आलं की सवयीने तिघांचा भात टाकलाय. टाकून काय देणार, खात बसलो. मला अंड्यांचा प्रसंग आठवला आणि स्वतःचा असा काही राग आला म्हणता! कारण हा भाग मी अण्णाला दिला नव्हता. पाच दिले, त्यात हा नव्हता. हातातली नोकरी गेलेल्या माणसाला मी पिस्तुलं दिली आणि ताट ठेवून घेतलं. हे मी त्याला तेव्हा सांगितलं नाही. नंतरही नाही. लिस्ट मात्र कुठून कुठून फिरत राहिली.

शुक्रवारी पँट्रीतून बाहेर येऊन आधी त्याला फोन केला. तो आता वडिलांच्या हार्डवेअरच्या दुकानात बसतो, संध्याकाळी दोन तास कुठल्यातरी अमेरिकन क्लायंटचं काम करतो. म्हटलं, "अण्णा, ती लिस्ट चुकीची होती. पहिल्यापासून बघ. एकही सोडू नकोस."

"दोन वर्षांनी फोन करून हे सांगतोयस?" तो म्हणाला. मग थोडा वेळ आम्ही सिमेंटच्या भावावर बोललो.

काल शनिवार. रात्री दोन वाजता त्याचा मेसेज आला. मजकूर इतकाच: ‘फ्रीज साफ करतोय.’